हवाईचा बँडमास्तर
(द्वितीय वर्ष, कला)

हवाई बेटांचे नाव आपल्याकडे खेड्यापाड्यांत पोचले ते गिटारमुळे. ऑर्केस्ट्रात एकजण गिटार मांडीवर आडवी घेऊन बसतो आणि तारांवरून पोलादी दांडी सरकवत सूर ओढतो. ती हवाईयन गिटार. सिनेमातल्या गाण्यांच्या तिच्यावर वाजवलेल्या तबकड्या पुष्कळांनी ऐकल्या असतील. पण त्या बेटांवर हवाईयन संगीताचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतात, तो गिटार वाजवणारा नव्हता आणि जन्माने हवाईचाही नव्हता. तो प्रशियाच्या लष्करातला बँडवाला होता. हाइनरिश बेर्गर हे त्याचे जर्मन नाव. हवाईत तो हेन्री बर्जर झाला आणि त्याच नावाने तिथे सत्तावन्न वर्षे राहिला, तिथेच वारला.

त्याच्या आयुष्यात एक दिवस असा आला की त्याने घडवलेली पोरे त्याला सोडून बँडच्या खोलीबाहेर निघून गेली आणि हा मागे राहिला. त्या दिवसापर्यंत पोचायचे तर आधीची वीस वर्षे समजून घ्यावी लागतात.

बर्जरचा जन्म १८४४ चा. तो लष्करी बँडमध्ये वाढला. त्या काळी प्रशियाच्या लष्करी बँडची ख्याती मोठी होती आणि दूरदूरचे राजे तिथून बँडमास्तर मागवीत. प्रशांत महासागराच्या मधोमध असलेल्या हवाईच्या छोट्या राज्यात १८३६ पासून राजाचा बँड होता, पण त्याची घडी नीट बसलेली नव्हती. राजा पाचवा कामेहामेहा याने जर्मनीकडे माणूस मागितला. कैसर पहिला विल्हेल्म याच्या सरकारने सत्तावीस वर्षांच्या बर्जरला पाठवले. जून १८७२ मध्ये तो होनोलुलुच्या बंदरात उतरला. करार चार वर्षांचा होता. उसनवारीवर दिलेला नोकरच म्हणायचा.

ज्या राजाने बोलावले तो त्याच वर्षी डिसेंबरात वारला. त्याच्या जागी निवडलेला लुनालिलो वर्षभरातच, फेब्रुवारी १८७४ मध्ये गेला. मग कालाकाउआ गादीवर आला. दोन वर्षांत तीन राजे! बँडमास्तर मात्र तोच. करार संपल्यावर बर्जर मायदेशी गेला खरा, पण १८७७ साली परत आला आणि १८७९ मध्ये रीतसर हवाईच्या राज्याचा प्रजाजन झाला. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे जे घडले त्या वेळी तो केवळ परका पगारी माणूस राहिलेला नव्हता.

कालाकाउआ हा मोठा हौशी राजा. तो, त्याच्या दोन बहिणी आणि धाकटा भाऊ, चौघेही गाणी रचणारे. असे घराणे बँडमास्तरला मिळाले हे त्याचे भाग्यच. १८७४ साली कालाकाउआने पहिल्या कामेहामेहाच्या गौरवार्थ काव्य लिहिले आणि बर्जरने त्याला चाल दिली. तेच 'हवाई पोनोई'; १८७६ पासून ते राज्याचे राष्ट्रगीत झाले. चालीवर प्रशियाच्या राजगीताची छाया आहे, असे म्हणतात. ते खरे मानले तर गंमत अशी की शब्द हवाईच्या राजाचे आणि चालण्याची ढब बर्लिनची. पण लोकांनी ती चाल आपली मानली. राष्ट्रगीताची चाल कुठून आली हे गाणारा विचारीत नाही.

याच राजाने १८८१ साली जगप्रवास केला. गादीवर असताना पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिलाच राजा, असे सांगतात. जपानला योकोहामाच्या बंदरात जपानी बँडने त्याच्या स्वागताला 'हवाई पोनोई' वाजवले, तेव्हा राजा व त्याची माणसे चकित झाली. घरापासून इतक्या दूर, अनोळखी बंदरात आपले राष्ट्रगीत! या प्रवासात तो कलकत्त्याहून आगगाडीने आपल्या मुंबईला आला आणि तिथून बोटीने इजिप्तकडे गेला. त्या वेळची मुंबई गोऱ्यांच्या राज्यातली होती. एक बिनगोरा राजा स्वतंत्र राज्याचा धनी म्हणून तिच्यातून गेला. त्याचे राज्य पुढे बाराच वर्षे टिकणार होते.

आता बर्जरच्या मुख्य कामाकडे येऊ. हवाईचे जुने गाणे म्हणजे मंत्रासारखे पठण. दोन-तीन सुरांतच फिरणारे, हुलाच्या नाचाबरोबर म्हटले जाणारे. १८२० मध्ये अमेरिकेतून मिशनरी आले. त्यांनी हुलाला पाप ठरवले आणि चार आवाजांत म्हणायची भजने शिकवली. हवाईयन माणसांनी ती इतकी आपलीशी केली की त्या ढंगाची त्यांची स्वतःची गाणी तयार होऊ लागली. बर्जर आला तेव्हा ही गाणी लोकांच्या तोंडी होती, कागदावर फारशी नव्हती. त्याने ती ऐकली, स्वरलिपीत उतरवली आणि बँडसाठी बसवली. चाल कॉर्नेट-क्लॅरिओनेटला, भरणा हॉर्न आणि ट्रॉम्बोनला, पायाचा सूर ट्यूबाला, ठोका मोठ्या ढोलाला. असे केल्यावर दहा माणसांच्या बैठकीतले गाणे हजार माणसांच्या मैदानात ऐकू जाऊ लागले.

यात काही गमावलेही असेल. आपल्याकडे पेटी आली तेव्हा जाणकारांनी तक्रार केली की तिच्यावर मींड निघत नाही, सूर पायऱ्यांसारखे तुटक येतात. तसेच इथेही झाले असणार. जे गाणे श्वासाच्या लयीने चालत होते ते संचलनाच्या नाहीतर वॉल्ट्झच्या मापात बसवले गेले. पण लिहून ठेवल्यामुळे ते टिकले, हेही तितकेच खरे. हवाईची सुमारे दोनशे गाणी त्याने बसवली आणि आयुष्यात ३२ हजार कार्यक्रम केले असा हिशेब सांगितला जातो. मी भागाकार करून पाहिला. त्रेचाळीस वर्षांच्या नोकरीत रोजचे दोन कार्यक्रम पडतात, रविवार धरून! आकडा थोडा फुगवलेला असला तरी माणूस रिकामा बसला नाही एवढे नक्की.

कालाकाउआची बहीण लिलिउओकलानी ही तर खरी गीतकार. 'अलोहा ओए' हे निरोपाचे गाणे तिने १८७८ मध्ये रचले. बर्जरने ते बँडला दिले. १८८३ साली राजाचा बँड समुद्र ओलांडून सान फ्रान्सिस्कोला गेला, तिथे त्याने हे गाणे वाजवले आणि स्पर्धेत बक्षीसही मिळवले. पुढे होनोलुलुहून आगबोट सुटायची तेव्हा धक्क्यावर बँड उभा राहून ते वाजवायचा. प्रवासी गळ्यात फुलांच्या माळा घालून कठड्याशी उभे असत. बोटीबरोबर ते गाणे जगभर गेले. आज हवाईचे एकच गाणे कुणाला माहीत असेल तर ते हेच असते.

बर्जरकडे वाजवणारी माणसे कुठून आली? होनोलुलुला उनाड व अनाथ मुलांसाठी सुधारशाळा होती. आपल्याकडे रिमांड होम म्हणतात तशी. बर्जर तिथे शिकवायला जाई आणि तिथली मुले निवडून बँडमध्ये घेई. मेकिया केआलाकाई हा त्यांपैकी एक. शाळा बुडवतो म्हणून वयाच्या बाराव्या वर्षी त्याला तिथे टाकले होते. बर्जरने त्याला वाद्य दिले, नोटेशन शिकवले. हा मुलगा पुढे उत्तम बासरीवादक झाला आणि चांगली गाणीही रचू लागला. शाळेतून पळणारा पोरगा रोज तासन्‌तास एकाच जागी बसून सराव करू लागला, तो कशाने? मला वाटते, हातात पितळेचे वाद्य आणि अंगावर गणवेश आला की मुलगा स्वतःला कुणीतरी समजू लागतो, आणि ते त्या वयात फार मोठे असते.

हे मी पुस्तकावरून लिहीत नाही. माझे काका लग्नसराईत बँडमध्ये युफोनियम वाजवतात. लाल डगला, सोनेरी दोऱ्या, डोक्यावर टोपी. वरातीत सगळ्यांच्या पुढे असतात आणि जेवायला शेवटच्या पंगतीला. पाऊस लागला की डगला मालकाकडे जातो आणि काका दुसऱ्याच्या रानात रोजाने जातात. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिली. पण इंग्रजी शाळेचे तोंड न पाहिलेले काका नोटेशन वाचतात, हे मला लहानपणापासून नवल वाटत आले आहे. बर्जरची पुढची गोष्ट मी त्यांना सांगितली. ती ऐकून त्यांनी जे विचारले ते पुढे येईलच.

हवाईत साखर पिकत होती. १८७५ च्या करारानंतर अमेरिकेत ती जकातीशिवाय जाऊ लागली आणि ऊसमळ्यांचे मालक, बहुतेक अमेरिकन वंशाचे, गबर झाले. साखरेतून सत्ता कशी येते हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला नको. १८८७ मध्ये त्यांनी शस्त्रांच्या धाकाने कालाकाउआकडून नवी राज्यघटना सही करून घेतली आणि त्याचे अधिकार काढले. १८९१ च्या जानेवारीत तो सान फ्रान्सिस्कोला वारला. लिलिउओकलानी राणी झाली. तिने जुने अधिकार परत आणणारी घटना काढायचे ठरवताच, १७ जानेवारी १८९३ रोजी तिचे राज्यच उलथवण्यात आले. आदल्या दिवशी 'बॉस्टन' या अमेरिकन युद्धनौकेवरून दीडशेच्या वर शिपाई किनाऱ्यावर उतरले होते. रक्तपात नको म्हणून राणीने निषेध नोंदवून माघार घेतली. सातारा १८४८ ला आणि नागपूर १८५४ ला खालसा झाले त्याची कहाणी आपण शाळेत शिकतो. ही तशीच, फक्त समुद्रापलीकडची. १८९० च्या शिरगणतीत हवाईयन आणि मिश्र रक्ताचे मिळून सुमारे चाळीस हजार लोक उरले होते, एकूण वस्तीच्या निम्म्याहून कमी. रोगराईने आधीच खचलेला समाज होता तो.

हंगामी सरकारने नोकरांकडून शपथ मागितली : नव्या सरकारशी एकनिष्ठ राहू, राणीला पुन्हा गादीवर बसवायच्या कामात मदत करणार नाही. बँडही सरकारीच. बँडवाल्यांपुढे कागद आला. सही करा नाहीतर नोकरी सोडा.

त्यांनी सही केली नाही. हवाईयन वादक जवळजवळ सगळे बाहेर पडले. सही नाही केली तर दगड खावे लागतील, असे त्यांना ऐकवण्यात आले होते. ते राणीच्या निकटच्या एलन प्रेंडरगास्ट या बाईंकडे गेले आणि तिच्या बागेत बसून त्यांनी आपली हकीकत सांगितली. या सरकारच्या मागे आम्ही जाणार नाही, आमच्या भूमीचे दगड आम्हाला पुरेत, असा त्यांचा भाव होता. त्यावर गाणे करून द्या अशी त्यांनी गळ घातली. तिने 'काउलाना ना पुआ' रचले. त्याला दगड खाण्याचे गाणे असेही म्हणतात. गंमत पाहा, चाल ऐकून कुणाला वाटणार नाही की हे दुःखाचे किंवा रागाचे गाणे आहे. शब्द न कळणारा माणूस त्यावर ठेका धरील.

आणि बर्जर? त्याने नोकरी सोडली नाही. नव्या सरकारसाठी नवी माणसे गोळा करून तो बँड उभा करीत राहिला. ज्यांना त्याने पहिला सूर काढायला शिकवले, त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांवर दुसरे बसवले.

काकांना मी एवढे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, की वाद्ये कुणाची होती. मला हा प्रश्नच सुचला नव्हता. सरकारी बँडची वाद्ये सरकारचीच असणार. म्हणजे ती पोरे नुसता पगार टाकून गेली नाहीत, तर कदाचित रिकाम्या हातांनी गेली. शिपायाने नोकरी सोडली तर त्याचे हात त्याच्याबरोबर येतात. वाजवणाऱ्याचे वाद्य काढून घेतले तर त्याच्याकडे काय उरते?

तरी ते उठून उभे राहिले. त्यांनी 'हवाईयन नॅशनल बँड' काढला. त्यांचा म्होरक्या होसे लिबोर्निओ हाही परदेशीच, फिलिपिन्समधल्या मनिलाचा. १८९५ साली हा बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला. राज्य गेलेल्या लोकांचा बँड, ज्यांनी घेतले त्यांच्याच देशात. सुधारशाळेतला केआलाकाई त्यांच्यात होता. लिबोर्निओ पुढे दक्षिण अमेरिकेत पेरू देशात गेला आणि १८९७ मध्ये त्याने तिथे 'मार्चा दे बांदेरास' ही ध्वजाच्या मानवंदनेची धून रचली. पेरूत ती अजून वाजते. एकाच बँडमधले दोन परदेशी बँडमास्तर, आणि पेचाच्या वेळी दोघांनी दोन वाटा धरल्या. बर्जरवर लिहिणारे लिबोर्निओला एका ओळीत उरकतात. मला ते बरोबर वाटत नाही.

मग बर्जरला काय म्हणायचे? निमकहराम म्हणणे सोपे आहे. त्याच्या बाजूनेही बोलता येते : तो शिपाईगिरीत वाढलेला, ज्याचे सरकार त्याचे हुकूम ही त्याची शिस्त, वीस वर्षे मेहनत करून उभे केलेले काम मोडू नये असेही त्याला वाटले असेल. तो निघून गेला असता तर बँडच बंद पडला असता, हेही शक्य आहे. पण हवाईचे प्रजाजनत्व त्याने आपण होऊन घेतले होते, आणि वितभर पगारावर पोट असलेल्या पोरांनी जे सोडले ते बँडमास्तरला सोडता आले नाही, ही गोष्ट कुठल्याही बाजूने फिरवली तरी तशीच राहते. काकांचे मत वेगळे आहे. ते म्हणतात, वरात कुणाची हे बँडवाल्याने बघायचे नसते. मी त्यांना म्हटले, मग त्या पोरांनी का बघितले? त्यावर त्यांनी विषय बदलला.

१८९५ च्या जानेवारीत राणीच्या बाजूने उठाव झाला, तो फसला आणि राणीलाच इओलानी राजवाड्यातल्या एका खोलीत कैद करून ठेवले. ज्या राजवाड्यासमोर तिचा बँड वाजायचा, त्याच राजवाड्यात. मग १२ ऑगस्ट १८९८ रोजी हवाई रीतसर अमेरिकेत सामील झाले. समारंभ राजवाड्याच्या दारातच होता. राणी आणि तिच्या घराण्यातली माणसे आली नाहीत. बहुतेक हवाईयन लोकही घरीच राहिले. निशाण उतरवताना 'हवाई पोनोई' वाजवायचे काम बर्जरच्या बँडकडे होते. बावीस वर्षांपूर्वी ज्या राज्याचे राष्ट्रगीत झालेली चाल त्याने बांधली, त्या राज्याच्या शेवटालाही ती त्याच्याच छडीवर वाजली. बँडमधले काही हवाईयन वादक ती पुरी वाजवू शकले नाहीत, वाद्ये टाकून राजवाड्यामागे गेले, असे सांगतात. अमेरिकेचे राष्ट्रगीत 'फिलाडेल्फिया' या युद्धनौकेच्या बँडने वाजवले.

त्यानंतर बर्जर आणखी सतरा वर्षे बँडमास्तर होता. शाळांतून शिकवणे, बंदरावर बोटींना निरोप, बागेतले कार्यक्रम हे सगळे पूर्वीसारखे चालू राहिले. हवाईची गाणी त्याने कधी बंद केली नाहीत. अमेरिकन अंमलात शाळांतून हवाईयन भाषा हद्दपार झाली होती. तेव्हा बँडच्या कार्यक्रमात ती गाणी म्हटली जात होती, ही त्याच्या खात्यावरची मोठी जमा आहे. आणि त्याला हवाईयन संगीताचा जनक ही पदवी दिली ती दुसऱ्या कुणी नव्हे, लिलिउओकलानीने. जिचे राज्य गेले तिने! बँडमास्तराने केलेले तिला माहीत नव्हते असे कसे म्हणावे? पण ती स्वतः गाणे रचणारी होती. आपली गाणी कुणी कागदावर उतरवली, कुणी वाजती ठेवली, हे तिने राजकारणापासून वेगळे मोजले असेल. मला तिच्याइतके मोठे मन नाही, पण तिचा निकाल डावलून माझा पुढे करायचेही धैर्य होत नाही.

१९१५ मध्ये बर्जर निवृत्त झाला. राणी १९१७ साली वारली. १९२० मध्ये त्या बँडचा मास्तर म्हणून मेकिया केआलाकाई याची नेमणूक झाली. शाळा बुडवून सुधारशाळेत गेलेला आणि राज्य गेल्यावर बाहेरच्या बँडबरोबर देश सोडून गेलेला तोच. बर्जर तेव्हा हयात होता, पंचाहत्तरी ओलांडलेला. 'हवाई पोनोई' १९६७ पासून अमेरिकेच्या हवाई राज्याचे अधिकृत गीत आहे. म्हणजे राजाचे शब्द आणि बर्जरची चाल आता सरकारी समारंभात, ज्यांनी ते राज्य घेतले त्यांच्या निशाणाखाली म्हटली जाते.

१४ ऑक्टोबर १९२९ रोजी पंच्याऐंशीव्या वर्षी बर्जर होनोलुलुत वारला. कावायाहाओ चर्चच्या आवारात त्याला पुरले. तिथून इओलानी राजवाडा चालत काही मिनिटांवर आहे. कालाकाउआच्या १८८३ च्या राज्याभिषेकासाठी बांधलेला मंडप राजवाड्याच्या अंगणात अजून उभा आहे, आणि आता होनोलुलु शहराच्या पगारावर असलेला तो बँड शुक्रवारी दुपारी तिथे वाजवायला बसतो.